दुरुस्त सीडी

माझ्या थोरल्या मेहुणीच्या गावानं आधी घरोघरी संडास बांधले आणि नंतर ते सगळे पाडून टाकले, असा शोध एका सरकारी पत्रातून लागला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. माझ्या आयुष्यातली सगळी वाईट पत्रं मी जेवत असतानाच आली आहेत. हे पत्र टपालानं नाही, मेहुणीच्या हातानं आलं. कोकिळाताई हिवरझरीच्या सरपंच. आष्टी तालुक्यातल्या त्या आडगावातून निघून, तळेगावला गाडी बदलून, मार्चच्या उन्हात त्या वर्ध्याजवळच्या सेलूला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "जवाईबुवा, हे काय करून ठेवलं तुमी?"

मी घास हातातच ठेवून पत्र वाचलं. 'आपल्या ग्रामपंचायतीने सादर केलेल्या छायाचित्रांच्या संगणकीय पडताळणीअंती असे निदर्शनास आले आहे की, सन २००४ मध्ये अस्तित्वात असलेली शौचालये ऑक्टोबर २००७ मध्ये अस्तित्वात नव्हती. तरी सदर शौचालये कोणाच्या आदेशाने पाडण्यात आली, याचा खुलासा तात्काळ सादर करावा.'

"कोणी पाडले?" मी विचारलं.

"तुमी," कोकिळाताई म्हणाल्या.

आईवडिलांनी माझं नाव प्रफुल ठेवलं. त्यांनी घाई केली. थोडे दिवस थांबून माझा चेहरा नीट पाहिला असता तर त्यांनी दुसरं काहीतरी ठेवलं असतं.

झालं होतं ते असं. त्या वर्षी जिल्ह्यात स्वच्छ गावांची स्पर्धा होती. ज्या गावात प्रत्येक घरी संडास, ते गाव पात्र. पुरावा म्हणून प्रत्येक कुटुंबाचे दोन फोटो द्यायचे. एक बांधकामाच्या आधीचा, मोकळ्या जागेवर उभं राहून. दुसरा नंतरचा, तयार संडासासमोर उभं राहून. कोकिळाताईंनी गाव मागे लागून लागून तयार केलं होतं. सासवा-सुनांची भांडणं मिटवली, जागेचे वाद मिटवले, पहाटे शेताकडे निघालेल्या पुरुषांना नावानं हाक मारून लाजवलं. नाव कोकिळा असलं तरी त्यांची हाक नदीच्या पलीकडे ऐकू जाते. या कामात मला फक्त फोटो काढायचे होते. कारण आमच्या सगळ्या नात्यागोत्यात डिजिटल कॅमेरा माझ्याकडेच होता आणि मी तो असल्याचं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

आधीचे फोटो मी दसऱ्याच्या सुमाराला काढले. ते उत्तम आले. पुढे कॅमेऱ्याचे पेन्सिल सेल संपले. सेल बदलले की तो कॅमेरा सगळं विसरायचा. डोळा उघडला की पडद्यावर १ जानेवारी २००४ अशी तारीख यायची आणि तो नम्रपणे विचारायचा, हीच ना? खरी तारीख भरायला बरीच बटणं दाबावी लागत. समोर लोक उन्हात उभे, कोणी नवं धोतर नेसून, कोणी लेकराला पावडर लावून. अशा वेळी तारखा कोण भरत बसतो? मी 'हो' म्हणून पुढे जायचो. फोटोवर तारीख छापून येत नव्हती, म्हणून मला वाटलं ती कुठेच नाही.

नंतरचे फोटो दोन खेपांत झाले. दिवाळी झाल्यावर ज्यांचे संडास तयार होते त्यांचे, आणि उरलेल्यांचे संक्रांतीनंतर. पहिल्या खेपेचा पहिला फोटो आनंदाबाईंचा. ही एकटी राहणारी म्हातारी. तिचा मुलगा डोमाजी गावातच वेगळा राहायचा. गावात सगळ्यात आधी 'हो' म्हणाली ती हीच. पडक्या गोठ्याच्या विटा काढून तिनं संडास बांधून घेतला होता. मी कॅमेरा रोखला तेव्हा ती दारावर हात ठेवून शिपायासारखी ताठ उभी राहिली.

"मले हसा लागते का?" तिनं विचारलं.

"हसा की, आजी."

"कायले? संडासासमोर कोणी हासते का?"

तशीच गंभीर राहिली. आधीच्या फोटोच्या वेळी ती कापूस वेचायला गेली होती आणि तिच्या जागी डोमाजी उभा राहिला होता, म्हणून तिच्या आयुष्यातला हा पहिला फोटो. संक्रांतीच्या आधी, पौषातल्या थंडीत ती वारली.

आता वर्ध्याच्या कचेरीतला प्रकार. डिजिटल फोटोच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते, हे तोवर मला पुस्तकापुरतं माहीत होतं. कोणत्या कॅमेऱ्यानं, कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी फोटो घेतला, उभा धरून की आडवा धरून, सगळं त्यात आपोआप लिहिलेलं असतं. चेहऱ्यावर दिसत नाही, पण कुंडली काढता येते. त्या वर्षी कचेरीनं सगळ्या गावांच्या फोटोंच्या कुंडल्या कॉम्प्युटरकडून काढून घेतल्या, आणि हिवरझरीच्या कुंडलीत उलटा काळ निघाला.

दुसऱ्या दिवशी मी आणि कोकिळाताई वर्ध्याला गेलो. कॉम्प्युटरवर अंकुश नावाचा तरुण होता. कंत्राटी नोकरी, चेहरा भला. मी त्याला सेलचं, तारखेचं, उन्हाचं, पावडरचं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"सर, मले पटते," तो म्हणाला. "पण याले पटत नाई." आणि त्यानं कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग नवीन फोटो काढून आणतो."

"मुदत संपली. नवीन नाई चालत. जुन्याची दुरुस्त सीडी चालते." मग खुर्ची पुढे ओढून तो हळूच म्हणाला, "ते आतली तारीख बदलता येते म्हणतात. तुमी तं कॉम्प्युटरचे सर हाय. तुमाले काय अवघड?"

हे खरं नव्हतं. मी गणिताचा मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक वर्ग केला म्हणून शाळेनं मला कॉम्प्युटरची खोली आणि तिची किल्ली दिली होती. पण कोकिळाताई माझ्याकडे पाहत होत्या. बहिणीचा नवरा कधीतरी कामाला येईल अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच पाहिली. मी म्हणालो, "काही अवघड नाही."

माणसाचा सत्यानाश या तीन शब्दांनी होतो.

आमच्या गल्लीत गुपित राहत नाही. मी घरी पोचलो त्याच्या आधी बातमी पोचली होती. शेजारचे मोतीलालजी कापडवाले ओट्यावरच भेटले.

"मास्टरजी, इतकी चिंता काऊन करता?" ते म्हणाले. "अहो, तारीख म्हणजे काय? चिठ्ठी हाय. दिवाळीत उरलेल्या थानावर आपण पाडव्याले नवी चिठ्ठी लावतो. कापड तेच, गिऱ्हाईक खूश. चिठ्ठी बदला अन् सोडून द्या."

"पण मोतीलालजी, तुमची नवी चिठ्ठी खोटी असते. माझी खरी आहे. जुनीच खोटी आहे."

"मंग तं तुमचं अवघडच हाय," ते म्हणाले. "खोट्याची आपल्याले सवय हाय. खऱ्याचं मले नाई समजत."

समोरचे प्रभाकरराव तहसिलीतून निवृत्त झालेले. त्यांनी माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं, आणि डोळे न उघडताच निकाल दिला.

"दुरुस्ती करायची तं कायदेशीर करा. गुपचूप तारीख बदलली तं ते झाली खाडाखोड. खाली शेरा टाका, 'तारीख दुरुस्त केली', अन् सही करा. बिनसहीची दुरुस्ती हा गुन्हा हाय, सहीची दुरुस्ती हे कर्तव्य हाय. पस्तीस वर्ष मी हेच केलं."

"पण फोटोच्या आत सही कशी करणार, प्रभाकरराव?"

"ते तुमी पाहा. तुमी एम.एस्सी. हाय."

मला हा सल्ला फार आवडला. माझ्या इज्जतीला शोभणारा होता. एकूणएक फोटोंच्या पोटात माझं नाव, पदवीसकट! तेव्हा त्यातला धोका दिसला नाही. मला धोके नेहमी दोन महिन्यांनी दिसतात.

प्रत्येक फोटो हातानं उघडून तारीख बदलायची तर निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. म्हणून मी ठरवलं की पायथन भाषेत छोटा प्रोग्राम लिहायचा. फोटोची कुंडली वाचायला आणि बदलायला तयार मदतनीस मिळतात. त्याला लायब्ररी म्हणतात. बायकोला सांगितलं, "प्रेरणा, आज शाळा सुटल्यावर मी लायब्ररी शोधणार आहे."

"जाता तं माहं पुस्तक बदलून आणजा," ती म्हणाली. "वाचून झालं कवाचंच."

लायब्ररी मिळाली. ती घेण्यात एक संध्याकाळ गेली, ती बसवण्यात आणखी काही, कारण ती म्हणायची मला आधी दुसरी लायब्ररी हवी, आणि दुसरी म्हणायची मला तिसरी हवी. आमच्या कचेऱ्यांमध्ये हे असंच चालतं, म्हणून मला त्यात काही गैर वाटलं नाही. मग मी प्रोग्राम लिहायला बसलो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागासुद्धा चुकून चालत नाही. एवढी शिस्त मी वर्गात कधी लावू शकलो नव्हतो. तारीखही तिथे आपल्यासारखी लिहीत नाहीत. वर्ष, महिना आणि दिवस यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन दोन टिंबं. मी तिरप्या रेघा दिल्या होत्या. त्यावर तो प्रोग्राम लाल अक्षरांत जे बोलला ते मी कधी बायकोकडूनही ऐकलं नव्हतं.

अखेर एका संध्याकाळी तो चालला. मी प्रेरणाला हाक मारून बोलावलं. पडद्यावर फोटो उघडले. सगळं गाव आडवं झालं होतं. म्हातारे, लेकरं, बाया, संडास, सगळे जमिनीला समांतर पडलेले.

"काही साथ आली काय हो गावात?" प्रेरणा घाबरून म्हणाली.

तारीख लिहिताना मी कुंडलीतली उभ्या-आडव्याची नोंद पुसून टाकली होती. ती पुन्हा भरली. गाव उभं राहिलं. पण त्यात सगळ्यांत भयंकर होतं ते आनंदाबाईंचं उठणं. मेलेल्या म्हातारीला आडवं पाडून पुन्हा उभं करताना मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

आता खऱ्या तारखेचा प्रश्न. कॅमेऱ्याची तारीख आणि खरी तारीख यांच्यातलं अंतर काढायचं आणि ते नंतरच्या प्रत्येक फोटोच्या तारखेत मिळवायचं. गणिताच्या मास्तराला हे पोरखेळ. संक्रांतीनंतर कोणत्या रविवारी आपण हिवरझरीला गेलो होतो ते प्रेरणाला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी ताईंकडे तिच्या साडीला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या रविवारवरून मी अंतर काढलं. प्रोग्राममध्ये बेरीज लिहिली. प्रभाकररावांच्या आज्ञेप्रमाणे शेऱ्याच्या जागी 'तारीख दुरुस्त केली' आणि माझं नाव, खाली एम.एस्सी., बी.एड. असं लिहिलं, आणि बटण दाबलं.

प्रोग्राम अर्ध्यावर आला आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, पण त्या काळात वीज जायला वेळ लागत नसे. वीज आल्यावर मी प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून चालवला. त्यामुळे ज्या फोटोंत अंतर आधीच मिळवलेलं होतं, त्यांत ते दुसऱ्यांदा मिळवलं गेलं. अर्धं गाव २०१२ सालात जाऊन उभं राहिलं. चार वर्षांनंतरचे संडास! ही चूक मात्र मी पकडली. एक एक फोटो तपासून, पुढे गेलेल्यांना मागे आणलं. त्यात मी इतका थकलो, आणि चूक पकडल्याचा मला इतका गर्व झाला, की दुसरी चूक तिथेच माझ्याकडे पाहत बसली होती ती दिसली नाही.

दुरुस्त सीडी मी स्वतः नेऊन दिली. अंकुशनं ती कपाटात ठेवली आणि मला चहा पाजला. वर्ध्याहून परतताना त्या दिवशी एसटीत खिडकीशी जागासुद्धा मिळाली. इतकं सगळं सुरळीत होताना मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचं पत्र सुनावणीचं होतं.

मोठ्या टेबलामागे साहेब. बाजूला कॉम्प्युटरशी अंकुश. भिंतीवर पांढरा पडदा. कोकिळाताई नवी इरकल नेसून आल्या होत्या. खुलासा मान्य झाला की सत्काराचं बोलणं निघेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्या शेजारी.

पडद्यावर आनंदाबाई आल्या. दारावर हात, ताठ मान.

"सरपंचबाई," साहेब म्हणाले, "या लाभार्थी हयात आहेत का?"

"नाई साहेब. पौषात वारल्या. संक्रांतीच्या आधी. आमीच नोंद पाठवली."

"नोंद मिळाली. पण या फोटोची तारीख संक्रांतीनंतरची आहे."

तेव्हा मला ती दुसरी चूक दिसली. नंतरचे फोटो दोन खेपांत काढले होते, मध्ये पुन्हा सेल बदलले होते, म्हणजे कॅमेऱ्याच्या मते दोन्ही दिवस १ जानेवारी २००४. मी दोन्हींत एकच अंतर मिळवलं होतं, संक्रांतीनंतरच्या रविवारचं. दिवाळीनंतर उभी राहिलेली म्हातारी मी तिच्या दहनानंतर पुन्हा संडासासमोर उभी केली होती.

मी उठून सगळं सांगितलं. सांगताना मी शुद्ध मराठीतून सुरुवात केली आणि मध्येच कुठेतरी वऱ्हाडीत घसरलो. साहेबांनी मध्ये तोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

"म्हणजे पहिली तारीख चूक होती," ते म्हणाले.

"हो."

"ती तुम्ही बदलली. तीही चूक."

"हो."

"आणि आता तिसरी सांगताय."

"ते खरी हाय साहेब."

त्यांनी अंकुशकडे पाहिलं. अंकुशनं फोटोची कुंडली पडद्यावर उघडली. तारखेच्या खाली शेरा होता. लायब्ररीला देवनागरी येत नव्हती. तिनं माझ्या प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. फक्त पदव्या मी इंग्रजीत लिहिल्या होत्या, तेवढ्या शाबूत होत्या. प्रश्नचिन्हांची लांबलचक रांग आणि तिच्या शेवटी एम.एस्सी., बी.एड.

"ही प्रश्नचिन्हं कसली?" साहेबांनी विचारलं.

"सही हाय."

"कोणाची?"

"माही."

"प्रत्येक फोटोवर?"

"हो साहेब. दुरुस्ती सहीशिवाय करू नये म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एम.एस्सी. कशात?"

"गणितात."

मी अंकुशकडे पाहिलं. 'दुरुस्त सीडी चालते' असं तोच म्हणाला होता. तो कीबोर्डकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याची नोकरी दर वर्षी नव्यानं लागायची. मी त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी माझ्या बोलण्याची तेव्हा किंमत काय होती?

मग कोकिळाताई उठल्या. नदीपलीकडे जाणारा तो आवाज त्यांनी खोलीत बसेल इतका लहान केला होता.

"साहेब, जवाई माहा चुकला. पण संडास चुकले नाई. तुमची गाडी बाहेर उभी हाय. चला गावात. कोणतंबी दार उघडा. पाहिजे तं बसून पाहा."

साहेब थोडे हसले, पण ते हसणं थकलेलं होतं. "बाई, मागच्या वर्षी आम्ही गावोगाव फिरलो. तेव्हा तक्रारी आल्या, अधिकारी जेवणं झोडतात आणि शेरे मारतात. म्हणून यंदा पडताळणी कॉम्प्युटरवर. मी तुमच्या एका गावात आलो तर उरलेली गावं मला का सोडतील?"

त्यांचंही बरोबर होतं. हीच तर पंचाईत होती. त्या खोलीत बेइमान कोणीच नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि बाहेर कागद आला तो असा: 'छायाचित्रांमध्ये फेरफार. गाव अपात्र.'

बसस्टँडपर्यंत ताई माझ्यापुढे झपाझप चालत गेल्या. आर्वीची गाडी लागली तेव्हा पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या.

"माही बदनामी करा, मी सरपंच हाय, मले सवय हाय," त्या म्हणाल्या. "पण बुढीनं जलमभर कोणाले खोटं सांगतलं नाई. तिले तुमी मेल्यावर खोटी केली."

गाडी निघून गेली. मी त्याच जागी उभा राहिलो, मग सेलूची गाडीही निघून गेली.

बदनामीचं कामही फार भरभर होतं. त्याला सेल लागत नाहीत. हिवरझरीत ताईंच्या विरोधकांनी पसरवलं की संडास झालेच नव्हते, जवायानं कॉम्प्युटरवर तयार केले. ज्या लोकांच्या अंगणात संडास उभे होते तेसुद्धा हे ऐकून मान हलवायचे. पावसाळ्यात अविश्वासाचा ठराव आला. ताईंनी मतदानाच्या आधीच राजीनामा दिला. काहीजण पुन्हा डबा घेऊन शेताकडे जायला लागले. म्हणायचे, सरकारनंच नाही म्हटलं तर आपण कायले बसावं? शाळेत त्या पत्राची एक प्रत कशी पोचली ते मला माहीत नाही, पण मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली गोड बोलून काढून घेतली. मोतीलालजी म्हणाले, "मी म्हटलं होतं, चिठ्ठी बदला. तुमी माणूसच बदलला." प्रभाकरराव म्हणाले, "सही मराठीत करायची होती तं शिक्का मारा लागत होता." आणि डोळे मिटून घेतले.

प्रेरणा मला काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी वर्षभर जेवलो.

फक्त एक माणूस घरी आला. डोमाजी, आनंदाबाईंचा मुलगा. आल्यावर बराच वेळ तो पाणी पीत राहिला. मला वाटलं आता हा आईच्या नावानं भांडणार. मी मनात क्षमेचं वाक्य तयार करत होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "मायचा फोटो भेटीन काय?"

"तोच?"

"दुसरा नाई ना तिचा एकबी."

मी तो वर्ध्याच्या स्टुडिओत नेला. स्टुडिओवाला म्हणाला, मागचं ते काढून टाकतो, देऊळ घालतो, नाही तर धबधबा, तेवढ्याच भावात. मी डोमाजीला फोनवर विचारलं.

"धबधबा नोको," तो म्हणाला. "तिनं काय धबधबा बांधला का?"

जानेवारीत आनंदाबाईंचं वर्षश्राद्ध आलं. डोमाजीचं आमंत्रण होतं. मी नाही म्हणालो, प्रेरणानं माझी पिशवी भरली. तो सबंध रस्ता मी खिडकीबाहेर पाहत होतो. कापूस वेचून झालेली शेतं, पऱ्हाट्या उभ्या. हिवरझरीत मला पाहून लोक वाईट वागले नाहीत. नुसते वागले नाहीत.

डोमाजीनं आईचं जुनं घर सारवून घेतलं होतं. ओसरीवर फोटो, हार, उदबत्ती. लोक येत, चपला काढत आणि हात जोडत. फोटोत म्हातारी, तिचा हात, आणि हाताखाली संडासाचं निळं दार. हात जोडणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ताई पंगतीत वाढत होत्या. माझ्या पानावर आल्या, वडे वाढले, पुढे गेल्या. ओळख दाखवली नाही. मी खाली मान घालून वाढलेलं सगळं खाल्लं, कारण 'पुरे' म्हणायला तोंड वर करावं लागलं असतं.

त्याचा परिणाम पंगत उठण्याआधीच जाणवायला लागला. माझं पोट आधीच हळवं. अपमान त्याला पचत नाही, वडे तर नाहीच. मी अंगणात येऊन एका बाजूला उभा राहिलो, मग दुसऱ्या बाजूला. कोणाला विचारावं? ज्या गावाचे संडास मी कागदावरून पुसले, त्या गावात कोणत्या तोंडानं म्हणावं की मला संडासला जायचं आहे? मी वेशीकडच्या पऱ्हाट्यांचा अंदाज घेतला. दूर होत्या.

भाताचं भांडं कमरेवर घेऊन कोकिळाताई बाहेर आल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"तिकडे कोठी चालले?" त्या म्हणाल्या. वर्षभरातला पहिला शब्द. "घराच्या मांगं हाय. पाणी भरून हाय आत."

निळं दार. मी आत गेलो आणि कडी लावली. कडी गुळगुळीत बसली. विटा गोठ्याच्या होत्या, काहींवर अजून जुना चुना. वर झरोका, त्यातून उन्हाची एक पट्टी पायाशी. कोपऱ्यात भरलेली बादली, तांब्या. भिंतीला टेकायला एक दगड मुद्दाम पुढे काढलेला. म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकायला. इतकं विचारपूर्वक केलेलं बांधकाम मी आमच्या शाळेतही पाहिलं नव्हतं. त्या दगडावर हात ठेवून मी बसलो. बाहेर पंगतीचा आवाज येत होता आणि मला, का कोण जाणे, रडू आलं. सरकारदप्तरी ही वास्तू अस्तित्वातच नव्हती. त्या हिशेबानं मी भर दुपारी, भरल्या गावात, एका मयत बाईच्या घरामागे उघड्यावर बसलो होतो.

बाहेर आलो तेव्हा ताई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. मी हात चोळत राहिलो, गरजेपेक्षा जास्त.

"झालं?"

"झालं."

"मंग चला आत," त्या म्हणाल्या. "अर्ध्या पानावरून उठले तुमी. डोमाजी वाट पाहून राह्यला."